पाण्यावर चालणारं मशीन

शिवम्माच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच राहिलं होतं. मधली बोटं किल्लारीच्या भूकंपानं नेली.

निलंग्याकडच्या तिच्या गावात घरं दगडमातीची, भिंती बैल आडवा उभा राहील एवढ्या रुंद, वर लाकडावर माती अंथरलेलं माळवद. गणपती बोळवून माणसं नुकती आडवी झाली होती. जमीन गुरगुरली आणि कुणी उठून बसायच्या आत माळवद खाली आलं. नवरा, सासू, दोन्ही लेकरं ओळीनं झोपली होती, ती ओळीनंच सापडली. शिवम्मा उंबऱ्यापाशी होती म्हणून तुळईच्या आडोशाला राहिली. छातीवर दगड, तोंडात माती, हात चौकटीखाली. तिचा धाकटा भाऊ विरूपाक्ष बाहेरून "अक्का, अक्का" म्हणून ओरडत होता आणि तिला हूं म्हणायला जीभ हलवता येत नव्हती. त्यानं हातांनी उकरून तिला बाहेर ओढली. त्याची नखं उलटली होती. तिची बोटं चौकटीखालीच राहिली.

मग पत्र्याच्या शेडमधले दिवस आले. मदतीचे ट्रक यायचे, त्यात परदेशातून आलेली खोकी असायची. कुणाला लोकरीचा कोट मिळाला, कुणाला गळ्यात बांधायचे टाय, कुणाला उंच टाचांचे बूट. शिवम्माच्या वाट्याला जे खोकं आलं त्यातून एक गोल डबा निघाला. फिकट हिरवा, कढईएवढा रुंद, आत तारेची जाळी, मधोमध भोकं पाडलेला एक खुंटा आणि त्याला दोन पाती. वर काचेचं झाकण. एक नळी आत जाणारी, एक बाहेर येणारी. कुणी म्हणालं पिंप आहे, कुणी म्हणालं कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र.

शेडमध्ये जखमा बांधायला येणाऱ्या विशाखा डॉक्टरबाईंनी आतला कागद वाचला आणि त्या हसायला लागल्या. "शिवम्मा, हे भांडी घासायचं मशीन आहे. फार जुनं, आपल्या आजीच्या काळातलं. ओट्यावर ठेवायचं. याला वीज लागत नाही. नळाला नळी जोडली की पाण्याच्या जोरावर ही पाती फिरतात आणि भांड्यांवर फवारे मारतात."

"नळ?" विरूपाक्ष म्हणाला. आजूबाजूच्या बायाही हसल्या. तिथं नळ तर नव्हताच, पण घासायला भांडीही ढिगाऱ्याखालीच होती.

शिवम्मानं तो डबा मात्र कुणाला दिला नाही. उरलेल्या दोन बोटांकडं बघत तिनं तो ज्वारी ठेवायला घेतला.

पुढं लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. सगळ्या मराठवाड्यातून पोरं यायला लागली, डॉक्टर-इंजिनियर व्हायला. खोल्याखोल्यांतून कॉट पडल्या, गल्लीगल्लीत खानावळी लागल्या. विरूपाक्ष आणि शिवम्मानं मार्तंड सरांच्या वसतिगृहाच्या तळमजल्यावर खानावळ टाकली. मार्तंड सर रसायनशास्त्र शिकवायचे. क्लास त्यांचा, वसतिगृह त्यांचं, आणि जागा त्यांची म्हणून खानावळीवर शब्दही त्यांचा. माणूस बोलायला गोड. पोरांच्या आईबापांपुढं हात जोडून उभा राहायचा.

शिवम्माच्या हाताला चव होती. डाव्या हातानं भाकरी थापायला ती शिकली होती. घोडं अडलं ते भांड्यांवर. भांडेवाल्या बाया चार दिवस यायच्या आणि दुसरीकडं पाच रुपये जास्त मिळाले की जायच्या. शिवम्मा स्वतः बसली तर घासणी हातातून निसटायची, राखेनं जुनी जखम चरचरायची. एके दिवशी भांड्यांचा ढीग बघून विरूपाक्षनं कपाळावर हात मारला आणि माळ्यावरून तो हिरवा डबा काढला.

वसतिगृह चार मजली. गच्चीवर टाकी, शेजारी सोलर. तळमजल्याच्या नळाला एवढा जोर की बादली उताणी व्हायची. विरूपाक्षनं नळीचं तोंड रबराच्या पट्टीनं नळाला आवळलं, जाळीत ताटल्या उभ्या केल्या, झाकण लावलं, चावी सोडली. पाती आधी थरथरली, मग गरागरा फिरायला लागली. काचेवर पाणी असं आदळलं की दोघंही मागं सरकली.

"अक्का, हे चालतंय की!"

चाललं, पण भांडी कशी निघतात हे कळायला महिना गेला. ग्लास असे निघायचे की उजेडात धरले तर आहेत का नाहीत कळू नये. ताटल्यांचं तेल सोलरचं गरम पाणी असलं तर जायचं, गार असलं तर बोटाला चिकटायचं. वाळलेलं पिठलं मात्र त्या मशीनच्या बापाला निघत नव्हतं. वाटीच्या तळाला भात चिकटला असला तर तो तसाच, उलट धुऊन शुभ्र झालेला. पातेली तर आत मावतच नव्हती. मग शिवम्मानं रीत बसवली. ताटल्या आधी खरडायच्या, घंगाळात भिजत टाकायच्या, मग मशीनला लावायच्या, आणि निघाल्यावर एकेक अंगठ्यानं चोळून बघायची. चोळल्यावर किर्र वाजली पाहिजे. नाही वाजली तर परत आत.

यात तिला एक जोडीदार मिळाला, तोही भांडखोर. आलोक नावाचा पोरगा, हिमायतनगरचा, शेषेरावांचा एकुलता एक. घरची शेती, पण पोराला स्वच्छतेचा सोस. जेवायला बसला की आधी ताटली नाकाशी धरायचा. "मावशी, ही चिकट हाय."

"दे इकडं, तुझ्या बायकोला घासाया सांगीन," असं म्हणून शिवम्मा ताटली ओढून घ्यायची आणि दुसरी द्यायची. दुसरीही तो वास घेऊनच ठेवायचा. बाकीची पोरं हसायची. शिवम्मा वरवर चिडायची, पण ताटल्या लावताना तिला त्या पोराचं नाक दिसायचं, आणि ती एक फेरी जास्त फिरवायची.

त्या वर्षी उन्हाळा वाईट आला. नळाला पाणी येईना, टँकर यायला लागले. मागच्या अंगणात जमिनीत हौद होता. टँकरचं पाणी त्यात पडायचं आणि मोटरनं वर चढायचं. हौद तळाला जायला लागला तशी टाकी अर्धीच भरायला लागली, नळाचा जोर गेला. मशीनची पाती एक गिरकी घ्यायची आणि थांबायची. शिवम्मा झाकण काढून ताटल्या हातानं धुवायला लागली. तेव्हाच तिला वास जाणवला. ताटलीला नव्हे, पाण्यालाच. मोरीजवळ उभं राहिल्यासारखा.

ती मार्तंड सरांकडं गेली. सर खुर्चीतून उठलेसुद्धा. "शिवम्माबाई, टँकरचं पाणी आहे, थोडा वास येणारच. आम्ही पावडर टाकतो. आणि खरं सांगू का, वास पाण्याला नाही, तुमच्या त्या डब्याला आहे. आत शेवाळं धरलं असेल."

शिवम्मानं डबा सुटा करून, चिंचेनं घासून उन्हात ठेवला. डब्याला वास नव्हता. विरूपाक्ष परत सरांकडं गेला, तर शिपायानं दारातूनच परतवला.

मग पोरं पिवळी पडायला लागली. आधी एक, मग त्याच्या खोलीतले सगळे. डोळे हळदीसारखे, पोटात अन्न ठरेना. कुणी गळ्यात काविळीची माळ घालून घेतली, कुणाचे आईबाप घरी घेऊन गेले. आलोक परीक्षा जवळ आली म्हणून थांबला. एका दुपारी तो भिंतीला धरून खाली आला, ताटली घेतली आणि नाकाशी न नेताच खाली ठेवली. ते बघून शिवम्मानं हातातली भाकरी तव्यावरच सोडली. "बापू, गावाला जा रे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी शेषेराव येऊन त्याला नांदेडला दवाखान्यात घेऊन गेले.

आठवड्यानं वसतिगृहात फोन आला. आलोक गेला.

त्याच दिवशी मार्तंड सरांनी पोरांना वर्गात बोलावून दोन मिनिटं उभं केलं. मग म्हणाले, "वसतिगृहाचं पाणी आम्ही रोज तपासतो. ताटं कशी धुतली जातात ते मी बघत नाही, तुम्ही बघता. एका भंगार डब्यातून फिरवलेल्या ताटात तुम्ही जेवता, हे तुमच्या आईवडिलांना माहीत आहे का?" एवढंच बोलून त्यांनी चष्मा पुसला.

पोरं जिन्यावरून खाली आली ती पावसाळी ओढा यावा तशी. जेवणाची वेळ, चुलीवर आमटीचं मोठं पातेलं रटरटत होतं. विरूपाक्ष दारात उभा राहिला.

"कुठंय ते मशीन?"

"मशीनीनं काय केलं? पाणी बघा आधी—"

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. पुढच्या पोरानं त्याची गचांडी धरली, मागच्यानं कानाखाली वाजवली. बाकं उलटली. ताटल्यांची चळत कुणीतरी लाथेनं उडवली आणि ती सगळ्या खोलीभर खणखणत गेली. शिवम्मा ओरडत होती, "लेकरांनो, ऐका रे, ऐका!" ज्या पोरांना तिनं सणाला पुरणपोळी वाढली होती, त्यातल्याच एकानं तिला ढकललं. ती ओट्याच्या कडेवर आपटली आणि तिच्या भुवईतून रक्ताची धार लागली.

बहिणीचं रक्त बघितलं आणि विरूपाक्षचा ताबा सुटला. त्यानं फडक्यानं पातेलं उचललं आणि उकळती आमटी समोरच्यांवर फेकली.

पुढचा एक पोरगा किंचाळला, तो आवाज शिवम्माला कित्येक वर्षं विसरता आला नाही. पोराच्या मानेवर, छातीवर शर्ट चिकटला होता आणि तो शर्ट ओढत होता तशी कातडी त्याच्याबरोबर येत होती. क्षणभर सगळे थिजले. मग विरूपाक्षवर बाकं पडायला लागली. लोखंडी पायांची बाकं. तो खाली बसला, आडवा झाला, तरी पडत राहिली. एक पाय त्याच्या डाव्या डोळ्यात गेला.

दोघांनी मशीन उचलून आपटायला घेतलं, पण नळी नळाला घट्ट होती. हिसक्यानं डबा हातातून सुटून मोरीत पडला, झाकणाच्या काचेला आडवी चीर गेली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "पोलीस!" आणि खोली रिकामी झाली.

भाजलेल्या पोराला आणि विरूपाक्षला एकाच गाडीतून नेलं. डोळा वाचणार नाही, हे डॉक्टरांनी संध्याकाळीच सांगितलं. दवाखान्याच्या दारात मार्तंड सर भेटले. "उद्या दुपारपर्यंत जागा रिकामी करा," ते म्हणाले. आवाज अजून गोडच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवम्मा खानावळीत एकटी होती. डोक्याला पट्टी, पायाखाली वाळलेली आमटी आणि रक्त. सामान बांधायचं सोडून ती मोरीतला डबा उचलून बघत बसली होती. खरंच यानं पोर मारलं का? आपण ताटली चोळून बघत होतो, पण किर्र वाजली म्हणजे साफ झाली असं कुणी सांगितलं? भूकंपानं तिची लेकरं नेली तेव्हा तिनं कुणाला दोष दिला नव्हता, जमिनीला काय दोष देणार. पण हे तर तिच्या हातचं होतं.

दारात सावली पडली. धोतर, पांढरी टोपी, दाढीचे खुंट, काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. शेषेराव. लेकाला अग्नी देऊन दिवस उलटला नव्हता. त्यांनी गोणपाट सोडलं, आत कुऱ्हाड होती.

"माझ्या लेकाला मारलं म्हणून सरांनी फोनवर सांगितलं, ते मशीन कोणतं?"

"हे."

"अन् त्यात भांडी लावणारी?"

"मी."

शेषेरावांनी कुऱ्हाड उचलली. शिवम्मा उठली नाही. तिला भीती वाटायला हवी होती, पण माळवद अंगावर घेतलेल्या बाईला वरून येणाऱ्या घावाची सवय असते की काय कोण जाणे. ती म्हणाली, "दादा, मारायचं तर मार. माझीबी लेकरं न्हाई राहिली. पण मलाबी बघायचंय, ह्यानंच मारलं का. बघून मार."

कुऱ्हाड वरच राहिली. शिवम्मा माळ्याखालच्या पेटीकडं गेली. दिवाळीला वापरायच्या म्हणून आणलेल्या ताटल्या कागदात तशाच गुंडाळलेल्या होत्या, अजून अन्न न लागलेल्या. तिनं कागद काढला, एकेक ताटली शेषेरावांच्या हातात दिली.

"बघा. वास घ्या. तुमचं पोरगं घ्यायचं तसा."

शेषेरावांनी ताटली नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला. वासानं नव्हे, आठवणीनं. शिवम्मानं ताटल्या जाळीत लावल्या, चिरलेलं झाकण ठेवलं, चावी सोडली. पहाटे टँकर येऊन गेल्यानं नळाला पुन्हा जोर होता. पाती फिरली. दोघंही काचेवर वाकून बघत राहिली. पाणी चिरेतून दोघांच्या तोंडावर उडत होतं.

चावी बंद करून तिनं झाकण काढलं. नव्या कोऱ्या ताटल्यांवर तपकिरी साका बसला होता, कडेला बुळबुळीत धागे लोंबत होते. शेषेरावांनी एक उचलली, वास घेतला आणि ताटली हातातून सोडून दिली.

"हे मोरीचं पाणी हाय."

"मोरीचं न्हाई," शिवम्मा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "संडासाचं. त्याची पाइप हौदाशेजारनंच जातीय. चला मागं."

मागच्या अंगणात हौदाच्या लोखंडी झाकणाला कुलूप होतं. कालपर्यंत नव्हतं. शेषेरावांनी कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, दोन घाव घातले, कुलूप कोयंड्यासकट उडालं. झाकण उघडताच वास असा अंगावर आला की शिवम्मानं पदर नाकाला लावला. वसतिगृहाच्या संडासांची पाइप हौदाच्या भिंतीला लागून गेली होती. भिंतीला भेग होती आणि भेगेतून काळा ओघळ पाण्यात उतरत होता. पण शिवम्माची नजर गेली ती ओघळाच्या बाजूला. निम्म्या भेगेवर सिमेंट लिंपलेलं होतं. एका कडेला वाळलेलं, पुढं अजून ओलं, थापीचे फराटे दिसणारं. कुणीतरी दोन दिवसांत दुरुस्ती सुरू केली होती आणि अर्धवट सोडली होती.

म्हणजे माहीत होतं.

"दादा," ती म्हणाली, "ह्यांना ठाव होतं. काल पोरांना आमच्या अंगावर घातलं तवाबी ठाव होतं."

कुलूप फोडल्याचा आवाज ऐकून मार्तंड सर अंगणात आले होते, मागं वसतिगृहावर ठेवलेली दोन तालमीतली माणसं. सरांनी उघडं झाकण बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चिरकला. "बंद करा ते! ही बाई पाण्यात काहीतरी टाकतेय. धरा तिला!"

एकानं शिवम्माचा उजवा हात धरून पिरगाळला. बोटं नसलेल्या जागी नस अशी तटतटली की तिच्या डोळ्यांपुढं अंधार आला. तरी ती उघडून बाजूला पडलेल्या झाकणावर जाऊन पडली, पालथी, पोटाशी झाकण धरून. हौद बंद झाला तर संपलं, एवढंच तिला कळत होतं. त्यानं तिचे केस धरले आणि फरशीवरून ओढायला लागला. कालची जखम फुटली.

मग तो माणूसच खाली बसला. शेषेरावांनी तुंब्याकडून त्याच्या गुडघ्यावर घाव घातला होता. वाळलेलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. दुसऱ्यानं पुढं यायचा विचार केला, कुऱ्हाडीचं पातं बघितलं आणि तो जिन्याकडं पळाला. मार्तंड सरही वळले, पण ओल्या फरशीवर त्यांचा पाय सटकला. शेषेरावांनी कुऱ्हाड टाकून दिली, सरांच्या मानेत हात घातला आणि त्यांना गोणीसारखं ओढत हौदाशी आणलं.

"शेषेराव, माझं ऐका, मीही बाप आहे—"

"पी."

डोकं पाण्यात गेलं. सरांचे पाय फरशीवर आपटायला लागले. शेषेरावांनी केसाला धरून डोकं वर काढलं, तोंडातून काळं पाणी निथळलं, सर ओकले. "माझा लेक किती प्याला असंल? पी." परत खाली. वरच्या गॅलऱ्यांतून पोरं बघत होती.

शिवम्मा बघत राहिली. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. बुडव, अजून बुडव, असं वाटलं. विरूपाक्षचा डोळा, भाजलेल्या पोराची कातडी, आलोकची न हुंगलेली ताटली, सगळं त्या आपटणाऱ्या पायांत तिला फिटताना दिसलं. मग पाय आपटायचे मंदावले.

"दादा, सोड!"

शेषेरावांना ऐकू येत नव्हतं.

"दादा, ह्यो मेला तर हौद बुजवून टाकतील! पंचनामा ह्याच्या मढ्याचा व्हईल, पाण्याचा न्हाई! तुझं पोरगं मशीनीनंच मेलं म्हणून राहील!"

तिनं दंड धरून ओढलं. भिंत ओढल्यासारखं झालं. सरांचा एक पाय थांबला. शिवम्मानं डाव्या हातानं फरशीवरची कुऱ्हाड उचलली. उजव्याच्या दोन बोटांचा दांड्याला टेकू दिला, तुंबा पुढं केला, आणि लेक जाळून आलेल्या त्या बापाच्या खांद्यावर जीव खाऊन हाणला.

हाड मोडलं. शेषेराव कुशीवर पडले, आणि मार्तंड सर मागं कोसळून मासळीसारखे हवा ओढायला लागले.

शेषेरावांनी तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, तर रस्ता चुकलेल्या माणसासारखं काहीतरी होतं. "बाई, मला मारलंस?"

शिवम्मा कुऱ्हाड टाकून त्यांच्याजवळ बसली. तिला रडू आलं ते तेव्हा. भूकंपातल्या ओळीवर ती रडली नव्हती, कारण रडायला बसायच्या आधी हाताला टाके घालायला नेलं होतं. आता ती अशी रडली की वरची पोरं एकेक करून खाली आली. कालच्या गर्दीतला एक तिच्यापुढं येऊन उभा राहिला. तो हौदाशी जाऊन बसला. मग दुसरा बसला. पोलीस आणि नगरपालिकेची माणसं येईपर्यंत पोरांनी झाकण कुणाला हलवू दिलं नाही.

पाणी बाटल्यांत भरून गेलं. ओल्या सिमेंटचा फोटो निघाला. मशीनही मुद्देमाल म्हणून गेलं, कागदी चिठ्ठी बांधून. मार्तंड सर दवाखान्यातून बरे होऊन थेट कोठडीत गेले आणि लवकरच जामिनावर सुटले. क्लास काही महिने बंद राहिला आणि दुसऱ्या नावानं दुसऱ्या रस्त्यावर उघडला. शेषेरावांवर खुनाच्या प्रयत्नाचा खटला लागला. विरूपाक्षला आमटी फेकल्याबद्दल शिक्षा झाली. भाजलेल्या पोराच्या आईपुढं शिवम्मा जाऊन उभी राहिली, तेव्हा त्या बाईनं दार लावून घेतलं, आणि शिवम्माला तेही बरोबरच वाटलं.

हौदाचा खटला उभा राहायला वर्षं गेली. शिवम्मा पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा सरांच्या वकिलानं हिरव्या डब्याकडं बोट केलं.

"यानं भांडी स्वच्छ निघतात असं तुमचं म्हणणं?"

"ग्लास निघतेत. गरम पाणी असलं तर तेल निघतंय. वाळलेलं पिठलं न्हाई निघत."

"म्हणजे निघत नाहीत. लिहून घ्या, साहेब."

"पाणीच घाण असलं तर कशानंच न्हाई निघत," शिवम्मा म्हणाली. "हातानंबी."

ते लिहून घेतलं की नाही हे तिला कळलं नाही. पुढची तारीख पडली.

बाहेर कोर्टाच्या व्हरांड्यात शेषेराव बसले होते. आपल्या खटल्यातून ते सुटून आले होते, पण उजवा हात खांद्याच्या वर उचलत नव्हता. टोपी सारखी करायलाही ते डावा हात वापरत होते. शिवम्मानं जेवणाचा डबा सोडला, भाकरीवर ठेचा घातला आणि ती पुढं केली. त्यांनी घेतली. दोघं चावत राहिली. दोघांचेही उजवे हात मांडीवर पडून होते.

"तू हाणलं नसतंस," शेषेराव म्हणाले, "तर म्या त्याला मारलाच असता."

"हाव."

"मग हे तारखा, वकील, काहीच नसतं."

"न्हाई."

"मारू द्यायचा व्हतास, बाई."

शिवम्मानं पाण्याची बाटली त्यांच्याकडं सरकवली. गेल्या काही वर्षांत हाच विचार तिच्याही मनात कितीदा येऊन गेला होता आणि दर वेळी तिला वेगळं उत्तर सापडलं होतं.

"नांदेडची गाडी किती वाजता हाय?" तिनं विचारलं.

"जातेत की. सारख्याच जातेत."

"मग अजून एक भाकर खावा."

शेषेरावांनी डावा हात पुढं केला.